केसभर जागा

भिकाजी मेस्तांच्या मांगरात, छपराच्या वाशांना
चौदा फरमे टांगलेले.
फणसाच्या पातळ फळ्या, कडा हात लागून लागून गुळगुळीत.
प्रत्येकावर खडूने एका होडीचं नाव.
होड्यांतल्या काही बुडाल्या, काही सरपणाला गेल्या,
फरमे मात्र कुणीही मागावेत आणि न्यावेत.
अट एकच : परत आणताना
काय बदललंस ते फळीवर कोरायचं.

मी ते मापून संगणकात घेत होते,
बिंदूमागून बिंदू, अख्खा एप्रिल.
वीज गेली की बॅटरी संपेपर्यंत,
मग वहीत.

नाळेपाशी अडलं.
डावी बाजू आली, उजवी आली,
दोघी एकमेकींना भेटेनात.
पडद्यावर उसवल्यासारखी बारीक फट
आणि खाली तांबड्या अक्षरांत :
आकार बंद होत नाही.

हे सॉफ्टवेअर कुणा कंपनीचं नाही.
ते वापरणारे आम्ही, रेघा ओढणारे.
ते लिहिणारे वेगळे, कुठल्या कुठल्या देशांत,
रंधा हातात न धरलेले.
आम्ही म्हणतो वळण, ते म्हणतात फलन.
आम्ही म्हणतो टेकलं,
ते विचारतात, म्हणजे किती?

हर्णैची रुक्साना सोलकर त्यांच्यातली.
फोनवर तिच्यामागे लिलाव चाललेला,
तिच्यापेक्षा पापलेटचे भावच जास्त ऐकू येत.
"तुझ्या कडा टेकल्यात का, हे आमचा कोड
दशांशाच्या दहाव्या घरापर्यंत तपासतो.
दहावंच का, कुणाला ठाऊक नाही.
ओळ अकरा वर्षांची आहे,
लिहिणारा आता सापडत नाही."

मग एके दिवशी ती एसट्या बदलत बदलत
आचऱ्याला येऊनच थडकली, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून.
मेस्त तेव्हा फळ्यांच्या सांध्यात
कापसाची वात ठोकत होते, वर तेल आणि राळ.
तिने विचारलं, ही फट म्हणजे चूक नाही?

"सुकी फळी सुक्या फळयेक घट्ट बसवलंस
तर पाण्यात फुगता, आणि आपलाच ऊर फोडून घेता.
केसभर जागा ठेव."

"केस कुणाचा?" रुक्सानाने वही काढली.

असलं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.
हात आपसूक डोक्याकडे गेला, तिथे काही नव्हतं.
शेवटी माझ्या वेणीतला एक ओढून
व्हर्नियरमध्ये धरला :
शून्य पूर्णांक शून्य सात मिलिमीटर.
तिने लिहून घेतलं. मेस्तांनी चष्मा लावून
आकडा दोनदा पाहिला, कुणी उसना मागितल्यासारखा.

रुक्सानाने ती जुनी ओळ फोडली,
आकडा आतून काढून बाहेर आणला,
रेघ ओढणाऱ्याच्या हाती दिला :
तुझं टेकणं किती, तूच सांग.

पंधरा दिवस भांडण झालं.
लिहिणारे म्हणाले, हा ढिसाळपणा.
रेघा ओढणारे म्हणाले, मग या, आणि बुडून दाखवा.
तिसऱ्याच कुणी, खुर्च्या बनवणाऱ्या बाईने,
आपल्या लाकडाचा आकडा पाठवला.
मग एका कुंभाराने.
मग ते मान्य झालं.

माझी नाळ बंद झाली.
सोबतच्या नामावळीत, अगदी तळाशी :
भिकाजी मेस्त्री, आचरा.

त्यांनी फोन हाताएवढा लांब धरला.
"ह्या नाव माझा न्हय. मी मेस्त."

मी लिहीन म्हटलं, तर नको म्हणाले.
रुक्सानाने फोनवरून सांगितलं, कुठे बोट ठेवायचं,
आणि त्या राळ लागलेल्या बोटाने
शेवटची री पुसली.
रात्री कधीतरी, कुठल्याशा दिवस असलेल्या देशात,
कुणीतरी ते वाचलं, आणि घेतलं.

सकाळी मांगरात गेले तर
मेस्त पंधराव्या फरम्याच्या कडेला
पटाशीने कोरत बसलेले :
केस मोजलो. री काढली.

होडी अजून कोरडीच आहे.
फटींतून पलीकडची खाडी दिसते.